पर्वरीच्या खोलीतला इस्त्रीचा शर्ट

ताई,

मी 29 वर्षांचा, मूळचा सांगलीचा. इंजिनिअरिंग पुण्यात केलं. 2021 मध्ये आयटीतली नोकरी सोडली आणि पूर्णवेळ ऑनलाइन पोकर खेळायला लागलो. एका वेळी आठ टेबलं, वीस लाखांहून जास्त डाव, सगळ्यांची नोंद माझ्याकडे आहे. दर 100 डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायची मोठी रक्कम) सुटायचे. त्यातून बाबांचं घराचं कर्ज फेडलं. घरी सांगितलंय की डेटा ॲनालिसिसची कामं घेतो. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ॲप बंद पडली. नोव्हेंबरपासून पर्वरीला खोली घेऊन मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर खेळतोय, 100-200 च्या टेबलावर (म्हणजे बिग ब्लाइंड 200 रुपये), आठवड्याला 25 तास. सहा महिन्यांत सोळा लाखांचे बारा झाले. टेबलावर गेले 1 लाख 20 हजार. बाकी भाडं, खाणं, स्कूटर आणि घरी पाठवतो ते महिन्याला पंधरा हजार.

पहाटे पाचला बोटीवरून उतरतो. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की झोपतो. आई अकराला व्हिडिओ कॉल करते तेव्हा उठून बर्म्युडावर इस्त्रीचा शर्ट चढवतो आणि पांढऱ्या भिंतीसमोर बसतो. मित्रांशी बोलणं जवळपास बंद आहे. चुलत बहिणीच्या हळदीला मी पार्किंगमध्ये बसून आदल्या रात्रीचे डाव तपासत होतो. दोनदा हरल्यावर रागाच्या भरात 500-1000 च्या टेबलावर जाऊन बसलो, नशिबाने बरोबरीत सुटलो. पहाटे कधी कधी वाटतं, उद्या जाग आलीच नाही तर बरं. हे व्यसन आहे का? की खेळत राहूनही माणसासारखं जगता येईल? सगळं सोडून देऊ का?

— सांगलीकर, सध्या मुक्काम पर्वरी

प्रिय सांगलीकरा,

बाकी सगळं नंतर. आधी ते एक वाक्य. ‘जाग आलीच नाही तर बरं’ हे तू ओळीच्या मधेच, घाईघाईत लिहून टाकलंस. मी ते चार वेळा वाचलं. असं वाटणं म्हणजे मनाची कमजोरी नव्हे. पण ‘थकलोय म्हणून वाटत असेल’ असं म्हणून उडवून लावायची गोष्टही ती नाही. 14416 हा टेलि-मानसचा नंबर आहे. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. पहाटे पाचला बोटीवरून उतरून लावलास तरी चालेल. आणि या आठवड्यातच बांबोळीच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जा. मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था असं तिचं नाव आहे, गोवा मेडिकल कॉलेजच्या परिसराजवळच आहे, पर्वरीहून स्कूटरने फार लांब नाही. तिथे पोकर समजावून सांगत बसू नकोस. किती वाजता झोपतोस, किती महिने असं चाललंय, आणि हे वाक्य, जसंच्या तसं, एवढं सांग. जीव संपवण्याचा विचार मनात ठरत चाललाय असं कधी वाटलं तर एकटा थांबू नकोस. शेजारच्या खोलीचं दार वाजव, 112 ला फोन कर.

आता तुझे आकडे घेऊ. तू आकड्यांचा माणूस आहेस आणि स्वतःला ज्या आकड्याने मारतोयस तोच तू नीट वाचलेला नाहीस.

आठ टेबलांवर मिळून तुझे तासाला साडेपाचशे-सहाशे डाव व्हायचे. बोटीवर डीलर पत्ते पिसतो, वाटतो, चिप्स मोजतो, कुणीतरी व्हिस्की मागवतो, आणि तासाला 25-30 डाव होतात. म्हणजे आठवड्याला 25 तासांच्या हिशोबाने सहा महिन्यांत साधारण साडेसतरा हजार. पूर्वी एवढे डाव तू एका आठवड्यात खेळायचास. सोमवारी सुरू झालेली पडझड रविवारपर्यंत भरून निघायची, किंवा निदान वीस लाख डावांच्या आलेखात दिसेनाशी व्हायची. तीच पडझड आता पावसाळा संपल्यापासून आंब्यांपर्यंत चालली आहे. खेळ तोच, पत्ते तेच, पण दुःख सव्वीस पट लांबलंय. आणि ते तू एकट्याने, भाड्याच्या खोलीत काढतोयस. मन खचलं नसतं तर मला नवल वाटलं असतं.

व्हेरियन्स, म्हणजे नशिबाचा चढउतार, तुला माझ्यापेक्षा चांगला कळतो, तरी मांडते. दर 100 डावांमागे पाच बिग ब्लाइंड ही तुझी सरासरी धरली आणि 100 डावांचा चढउतार नव्वदेक ब्लाइंडचा धरला, तर साडेसतरा हजार डावांनंतर तुझ्यासारखा जिंकणारा खेळाडूही तोट्यात असण्याची शक्यता साधारण चारात एक निघते. तू 600 ब्लाइंडने खाली आहेस. इतकं खाली जाण्याची शक्यताही दहात एकाच्या आसपास आहे. म्हणजे या सहा महिन्यांवरून तू खेळ विसरलास असं सिद्ध होत नाही. विसरला नाहीस असंही सिद्ध होत नाही. एवढ्याशा डावांतून काहीच ठरत नाही, आणि तू मात्र रोज पहाटे त्यातून स्वतःची किंमत काढतोयस.

पण दुसरा हिशोब जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो तू केलेला दिसत नाही. तुझे चार लाख गेले. त्यातले 2 लाख 80 हजार तू हरलेलाच नाहीस, ते खाल्लेस. महिन्याला 46-47 हजार. आता नशीब अगदी समतोल राहिलं असं धर: तासाला 27 डाव, पाच ब्लाइंडचा दर, 200 चा ब्लाइंड. तासाला 270 रुपये होतात. महिन्याचे 108 तास. 29 हजार. बोटीवरचे पाहुणे कच्चे खेळतात म्हणून दर दुप्पट धर, 58 हजार. त्यावर कर आहे. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के आणि वर सेस लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. हे एकदा चार्टर्ड अकाउंटंटकडे बसून समजून घे, अंदाजावर ठेवू नकोस.

म्हणजे अगदी छान खेळलास, तरी या टेबलावर, इतक्या तासांत, इतक्या खर्चात, तुझं घर चालत नाही. तुझ्या हातात काही कमी आहे म्हणून नाही. ऑनलाइनला जो धंदा होता तो वेगाचा होता, आणि तो वेग 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली तेव्हा संपला. तू दुकान बंद झाल्यावरही त्याच दुकानाच्या पायरीवर बसून आहेस. (कुणी परदेशी ॲप किंवा एजंटचं क्लबचं ॲप सुचवत असेल तर नको. कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही हे खरं, पण तिथे पैसे अडकले तर दाद कुठे मागणार?)

तू ज्यांना मानतोस त्यांच्यातलाच एक सांगते. नावाजलेला पोकर खेळाडू डॅनियल नेग्रेआनू आपला वर्षाचा जमाखर्च जाहीर करत आलाय. 2017 मध्ये त्याने स्पर्धांतून 27 लाख डॉलरहून जास्त बक्षिसं मिळवली आणि तरीही प्रवेश फी धरून वर्ष तोट्यात गेलं, हे त्याने स्वतःच लिहून सांगितलं. खेळ तुझाच, चढउतार तुझेच. फरक असा की तोट्याचं वर्ष त्याला लपवावं लागलं नाही.

आणि इथे मी तुझ्या शर्टाकडे येते.

माझे वडील मुंबईत वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळी करायचे, सतरा-अठरा वर्षं. पहाटे घरी यायचे तेव्हा बोटांना शाई असायची. आमच्या परळच्या दोन खोल्यांत आतल्या खिडकीला जुनी गोधडी खिळ्यांनी ठोकलेली होती. दुपारी दोनच्या आधी आई कुकर लावत नसे. भंगारवाला चाळीत शिरला की शेजारच्या काकू जिन्यावरूनच त्याला हाताने गप्प करायच्या. संध्याकाळी सहा ते आठ बाबा आमचे: शाळेच्या वह्या, मग मैदानावर चक्कर. नवाला डबा घेऊन निघायचे. रात्री काम करणारा माणूस एकटा पडतोच असं नाही, हे मी घरात पाहिलंय. त्यांची झोप अख्खा मजला सांभाळायचा. कारण सगळ्यांना माहीत होतं की हा माणूस रात्री काम करतो.

तुझी झोप कुणीच सांभाळत नाही, कारण तू रात्री काम करतोस हे कुणालाच माहीत नाही. आई अकराला फोन करते. ती चूक करत नाही, तिच्या लेखी ती ऑफिसच्या चहाची वेळ आहे. मित्र रविवारी दुपारी बोलावतात, तू ‘कॉल आहे’ म्हणतोस. दर थापेला पुढची थाप लागते आणि शेवटी बोलायला विषयच उरत नाही. तुला वाटत असेल की पोकरमुळे माणसं तुटली. मला वाटतं निम्म्याहून जास्त माणसं त्या शर्टामुळे तुटली. जिंकल्याचा आनंद सांगता येत नाही, हरल्याचं रडू दाखवता येत नाही, मग हळदीला मंडपात बसून करणार काय? पार्किंगच बरं वाटणार.

जागेचाही दोष आहे, तो तुझ्या माथी मारू नकोस. तू ज्यांच्याबरोबर रात्री बसतोस त्यातले बहुतेक शुक्रवारी येतात आणि रविवारी रात्रीच्या बसने परत जातात. आणि तुझ्या खोलीच्या आसपास राहणारे गोवेकर 2020 पासून कायद्याने त्या बोटींवर खेळूच शकत नाहीत. टेबलावरची माणसं शेजारी होत नाहीत, शेजारी टेबलावर येत नाहीत. ओळख वाढावी कुठे?

व्यसन आहे का, हे विचारलंस. ते मी पत्रावरून ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये, बांबोळीचे डॉक्टर ठरवतील. पण ते काय बघतील ते सांगते. जुगाराच्या विकाराच्या नऊ खुणा धरतात आणि वर्षभरात त्यातल्या चार किंवा जास्त दिसल्या तर तो आजार मानतात: तेवढीच मजा यायला रक्कम वाढवत नेणं, थांबवलं की चिडचिड, थांबायचा प्रयत्न फसणं, सतत तोच विचार, मन खराब झालं की खेळायला जाणं, हरलेलं वसूल करायला परत जाणं, खोटं बोलणं, नाती किंवा नोकरी पणाला लावणं, दुसऱ्याकडून पैसे घेऊन निभावणं. तुझ्या पत्रात खोटं बोलणं स्पष्ट आहे. 500-1000 च्या टेबलावर जाणं म्हणजे वसुलीच. हळदीच्या दिवशी पार्किंगमध्ये काय चाललं होतं ते तूच ठरव. ‘मी अभ्यास करून खेळतो’ हे उत्तर पुरत नाही. अभ्यास करणाऱ्यालाही हा आजार होतो आणि त्याला कळायला उशीर लागतो, कारण त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला आकड्यांचं कारण तयार असतं. एक साधी परीक्षा घे. आजपासून तीन आठवडे बोट नाही. बँकरोल, म्हणजे खेळायचा पैसा, तसाच राहू दे. व्यावसायिक माणूस तीन आठवडे सुट्टी घेऊ शकतो. चौथ्या दिवशी हात शिवशिवायला लागले, कारणं सुचायला लागली, तर ते लिहून ठेव आणि डॉक्टरांना दाखव.

हे तीन आठवडे पर्वरीत काढू नकोस. रात्रीच्या बसने घरी जा.

घरी काय सांगायचं याची तुला धास्ती असणार. ‘कर्ज जुगाराच्या पैशाने फेडलं’ हे बाबांना ऐकवायचं म्हणजे सोपं नाही. आधी बहिणीला नाहीतर एखाद्या जुन्या मित्राला सांग, मोठ्याने एकदा बोलून बघ, मग बाबांशी. एका संध्याकाळी, जेवणं झाल्यावर. लॅपटॉप उघडू नकोस, आलेख दाखवू नकोस, व्हेरियन्स समजावू नकोस. 2021 पासून काय केलं, किती मिळवलं, कर्ज कशातून फेडलं, आता किती उरलेत आणि मन कसं आहे, एवढंच. ते चिडतील. कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. आई रडेल. त्या वेळी स्वतःची बाजू लढवू नकोस. तुला वाद जिंकायचा नाहीये, तुला पुढच्या वेळी हरल्यावर फोन करता येईल असं एक माणूस हवंय.

आता खेळायचं की सोडायचं. माझं मत स्पष्ट आहे: पोटासाठी खेळणं आत्ता थांबव. नोकरी धर. पाच वर्षांची फट कशी सांगायची याची लाज बाळगू नकोस. वीस लाख डावांचा डेटा साठवणं, चाळणं, त्यातून स्वतःच्या चुका काढणं हे काम तू खरोखर केलंयस, आणि ते कायदेशीर असताना केलंयस. पोकर खेळाडू व्हनेसा सेल्ब्स्टकडे वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या विजेतेपदाची तीन ब्रेसलेट्स होती. 2017 च्या अखेरीला तिने पूर्णवेळ पोकर सोडत असल्याचं जाहीर केलं आणि हेज फंड म्हणतात तशा एका गुंतवणूक कंपनीत नोकरी धरली. तिला कुणी हरलेली म्हटलं नाही.

डॉक्टरांनी व्यसन नाही असं सांगितलं आणि तुला खेळ आवडतोच, तर महिन्यातून एक शनिवार-रविवार ये गोव्याला. पण तेव्हा नियम पैशाचे नको, घड्याळाचे ठेव. ‘इतके पैसे गेले की उठायचं’ असा नियम तू मोडशील, हरल्यावर दोनदा मोठ्या टेबलावर गेलासच. घड्याळाशी वाद घालता येत नाही. जागं झाल्यापासून सतरा तास झाले की उठायचं, जिंकत असलास तरी. सतरा तास जागलेल्या माणसाचं डोकं रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखं चालतं, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. आपल्याकडे 0.03 च्या वर गाडी चालवायला बंदी आहे. तू सकाळी अकराला उठवला जातोस, म्हणजे पहाटे चारला तू टेबलावर प्यायलेला असतोस, एक थेंबही न घेता. पुढचं 500-1000 चं टेबल दिसतं ते त्या वेळी.

आणि खेळाचे पैसे आणि जेवणाचे पैसे वेगळ्या खात्यांत. आजच. बारा लाखांतून सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढ, ते खातं मोबाइलवर दिसणारसुद्धा नाही असं ठेव. तू ब्लाइंड भरताना मनात घरभाडं मोजत होतास, म्हणून प्रत्येक हरलेला डाव पोटात लागायचा.

झोपेचं थोडक्यात सांगते, कारण तिथे युक्त्या फार नाहीत. घरी गेल्यावर पहिले आठ-दहा दिवस काही ठरवू नकोस, फक्त उठायची वेळ रोज एकच ठेव. सकाळी उन्हात अर्धा तास चाल, कृष्णेच्या घाटावर जा. दुपारनंतर चहा-कॉफी नको. झोप सरळ झाली की पहाटेचे ते विचार बरेच निवळतात, असं मी अनेकांत पाहिलंय. निवळले नाहीत तर औषध लागेल, आणि ते घेण्यात काही वावगं नाही.

बांबोळीला जाऊन आलास की मला दोन ओळी कळव, कधीही, कितीही त्रोटक. आणि उद्या अकराला आईचा कॉल येईल. पडल्या पडल्याच घे. ती विचारेल बरं नाही का, झोपला होतास का. म्हण, हो आई, झोपलो होतो, रात्री जागा होतो, घरी येतोय, आल्यावर सांगतो.

— तुझी ताई